डॅशबोर्डला करवत न लावता जुन्या गाडीत नवं म्युझिक

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, जुन्या गाडीत गाणी कशी वाजवायची. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज फक्त हेच.

प्रश्न : काका, आजोबांची १९६४ ची मॉरिस मायनर आता माझ्याकडे आली आहे. मला त्यात फोनवरची गाणी ऐकायची आहेत. इलेक्ट्रिशियन म्हणतो डॅशबोर्ड कापल्याशिवाय स्टिरिओ बसणारच नाही. खरंच दुसरा मार्ग नाही का?

आहे, आणि एक नाही बरेच आहेत, त्यामुळे आधी त्याला सांग की करवत बाजूला ठेव. तो जे म्हणतोय त्यामागचं कारण एवढंच की आजचे स्टिरिओ १८० बाय ५० मिलिमीटरच्या खाचेसाठी बनतात, ज्याला आपण सिंगल डिन म्हणतो, आणि तुझी गाडी बनली तेव्हा हे माप रूढच नव्हतं. तेव्हाच्या रेडिओला दोन बाजूला दोन नॉब आणि मधे काट्याची पट्टी असायची. मायनरमध्ये तर मधोमध तो मोठा गोल स्पीडोमीटर, मग चौकोनी खाच पाडायची तर ग्लोव्ह बॉक्सकडचा पत्रा जाणार. माझ्या स्वतःच्या गाडीत आधीच्या मालकाने कॅसेट प्लेअरसाठी असंच भोक पाडलं होतं. मी पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घेतला, घासून घेतला, रंगही जुळवून मारला, आणि तरीही संध्याकाळचं तिरकं ऊन काचेतून आत आलं की त्या जागी पत्र्यावर एक लाट दिसते. रोज दिसते. म्हणून मी सगळ्यांना एकच अट सांगतो, जे काही लावशील ते उद्या पान्याने आणि स्क्रू ड्रायव्हरने उतरवता आलं पाहिजे आणि खाली आजोबांची गाडी जशीच्या तशी सापडली पाहिजे.

आता स्टिरिओ कुठे बसवू हा प्रश्न खरं तर दुसरा आहे, पहिला प्रश्न करंटचा. बॉनेट उघड आणि बॅटरीची कुठली वायर बॉडीला बोल्ट केली आहे ते बघ. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांसारखीच मायनरलाही पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे प्लसची वायर बॉडीला आणि मायनस लाइव्ह. आजच्या स्टिरिओचं बाहेरचं धातूचं खोकं, अँटेनाच्या वायरची जाळी, यूएसबीच्या पिनचं कवच, हे सगळं मायनसला जोडलेलं असतं. तो स्टिरिओ पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत लावला आणि खोकं कुठेतरी पत्र्याला टेकलं की थेट शॉर्ट, स्टिरिओ जळतो आणि वायरिंग पेटायलाही वेळ लागत नाही. कोणी म्हणालं की खोक्याला रबर गुंडाळून बसवू तर ऐकू नकोस, कारण अँटेना लावली की तोच शॉर्ट मागच्या दाराने आत येतो.

यावर दोन उपाय. एक, आयसोलेटेड कन्व्हर्टर. त्याची इनपुट आणि आउटपुट बाजू आतून पूर्ण वेगळ्या असतात. इनपुटचा प्लस बॉडीला, मायनस गाडीच्या लाइव्ह वायरला, आणि पलीकडे नेहमीसारखे १२ व्होल्ट मिळतात. घेताना 'आयसोलेटेड' हा शब्द त्यावर आहे ना तेवढं बघ, साधा कन्व्हर्टर इथे चालत नाही.

दुसरा उपाय म्हणजे पूर्ण गाडीच निगेटिव्ह अर्थ करायची. ऐकायला भीतीदायक वाटतं पण अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि एकही भोक पाडावं लागत नाही. बॅटरी फिरवून बसवायची, पण प्लसचा खांब मायनसपेक्षा थोडा जाड असतो त्यामुळे क्लॅम्प बदलावे लागतात. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक वायर आपसात बदलायच्या. मग डायनॅमोला, म्हणजे इंजिनवर फिरून करंट बनवणाऱ्या यंत्राला, नवी दिशा शिकवायची, म्हणजे त्याचा करंट ताब्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरवरची 'एफ'ची (फील्डची) वायर काढून ती बॅटरीच्या लाइव्हला दोन-तीनदा क्षणभर टेकवायची, बारीक ठिणगी पडते, झालं काम. हे इंजिन सुरू करण्याआधी करायचं. पेट्रोलच्या इलेक्ट्रिक पंपात कोणी डायोड (एकाच दिशेने करंट सोडणारा भाग) घातला असेल तर तोही बघून घे, आणि हीटरची मोटर कायमच्या चुंबकाची असेल तर ती उलटी फिरेल, तिच्या वायर बदलायच्या. शेवटी बॉनेटखाली ठळक लेबल लाव, निगेटिव्ह अर्थ म्हणून. पुढे कधी बॅटरी बदलणारा माणूस सवयीने उलटी लावायला नको.

एवढं झालं की जागेचा प्रश्न सोपा आहे कारण तुला गाणी फोनवरची हवी आहेत, म्हणजे स्टिरिओच्या चेहऱ्याची गरजच नाही. ब्लूटूथ असलेला छोटा क्लास डी अँप, म्हणजे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर, घे, जाड पुस्तकाएवढा असतो, तो डॅशबोर्डखालच्या पार्सल शेल्फच्या कोपऱ्यात किंवा सीटखाली बसतो. आवाजाचा नॉब वायरवर येतो तो शेल्फच्या आतल्या कडेला चिकटव, हात घातला की सापडतो, बाहेरून दिसत नाही. क्लास डीच का, तर तुझ्या गाडीचा डायनॅमो २२ अँपिअरचा आहे, म्हणजे सगळा मिळून जेमतेम पावणेतीनशे वॅट. रात्री हेडलाइट, वायपर, हीटर चालू असले की त्यातलं फार काही उरत नाही, आणि सिग्नलला उभं राहिलं की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. क्लास डी अँप कमी करंटमध्ये जास्त आवाज देतो आणि तापतही कमी. खोक्यावर ४ गुणिले ५० वॅट लिहिलेलं असतं त्याला भुलू नकोस, तो क्षणभराचा आकडा असतो, खरी ताकद त्याच्या निम्म्याहून कमीच.

स्पीकरसाठी दरवाजे कापायचे नाहीत. मूळ डोअर कार्ड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं पॅनेल, काढून कापडात गुंडाळून ठेव, हार्डबोर्डची कॉपी बनव आणि भोकं तिच्यात पाड. नाहीतर पायाजवळच्या पॅनेलची कॉपी कर, किंवा स्पीकर बॉक्सच मागच्या काचेखाली ठेव. एकच स्पीकर मावत असेल तर ड्युअल व्हॉइस कॉइलचा घे, त्यात डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकाच कोनमधून वाजतात. आणि हे नीट लक्षात ठेव, जुन्या गाड्यांत स्पीकरची एक वायर बऱ्याचदा बॉडीला लावलेली असायची, आजच्या अँपमध्ये तसं केलं तर तो चॅनेल उडतो. दोन्ही वायरमध्ये सिग्नल असतो, त्यामुळे प्रत्येक स्पीकरला अँपपासून दोन स्वतंत्र वायर.

मायनरच्या फ्यूज बॉक्समध्ये दोनच फ्यूज आहेत, त्यांच्यावर भार टाकू नकोस. बॅटरीपासून वेगळी वायर ओढ, बॅटरीच्या अगदी जवळ स्वतःचा फ्यूज लाव आणि इंजिनकडून आत येताना आधीचंच एखादं रबरी ग्रोमेट, म्हणजे पत्र्यातल्या भोकाला बसवलेलं कडं, वापर.

प्रश्न : माझ्या १९७० च्या मर्सिडीजमध्ये मूळ बेकर रेडिओ आहे आणि तो चालतो. तो न काढता फोन जोडता येईल का?

चालतोय तो रेडिओ? मग त्याला जिवापाड जपा आणि डॅशबोर्डमधून हलवूच नका, फक्त कामापुरता बाहेर काढा. रेडिओच्या आत स्टेशनचा आवाज व्हॉल्यूमच्या नॉबपर्यंत येतो आणि तिथून पुढे अँपमध्ये जातो. त्याच जागी एक छोटा स्विच घालून फोनचा सिग्नल सोडता येतो, मागून एक वायर बाहेर येते आणि ती ग्लोव्ह बॉक्समध्ये न्यायची. जुन्या रेडिओचा जाणकार असेल त्याच्याकडूनच करून घ्या. त्याला दोन गोष्टी सांगा, मधे कपॅसिटर हवा म्हणजे रेडिओतला डीसी फोनकडे येणार नाही, आणि रेडिओ मोनो असेल तर फोनचे दोन चॅनेल थेट एकत्र न पिळता प्रत्येकात एकेक रेझिस्टर घालून जोडायचे. आवाज आजच्या सिस्टीमसारखा गडगडणार नाही, पण तो त्याच गाडीचा आवाज असेल आणि मला तरी तोच जास्त आवडतो.

दुसऱ्या वाचकांसाठी सांगतो, रेडिओ पन्नासच्या दशकातला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, असेल तर घरी उघडू नका, आत दोनशे व्होल्टच्या आसपास हाय टेन्शन असतं.

मूळ रेडिओ बंदच पडला असेल तर दोन नॉबवाले नवे रेडिओही मिळतात, ज्यांच्या नॉबमधलं अंतर कमीजास्त करता येतं, ते जुन्या भोकांत तसेच बसतात. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनाही हे पटलेलं आहे, पोर्शेने २०२० मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी जुन्या रेडिओच्याच मापाचा, दोन नॉब आणि मधे छोटा टचस्क्रीन असलेला सेट काढला.

प्रश्न : सगळं बसवलं पण इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून किरकिर येते. अर्थ तीनदा तपासला. काय करू?

आधी ती किरकिर कशी आहे ते कान देऊन ऐका. टिकटिक असून रेस दिल्यावर वेग वाढत असेल तर इग्निशन, साध्या तांब्याच्या प्लग वायर काढून रेझिस्टन्सवाल्या लावा. शिट्टीसारखा सूर असेल आणि रेसबरोबर चढत असेल तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर. डायनॅमोच्या जाड टर्मिनलला सप्रेसर कपॅसिटर लावतात, बारीक 'एफ' टर्मिनलला चुकूनही नाही, त्याने रेग्युलेटर खराब होतो.

मग अँटेनाची वायर उपसून बघा. किरकिर थांबली तर दोष अँटेनाच्या बुडाशी. तिथे बहुतेक वेळा पत्र्यावर रंग किंवा गंज असतो, नट काढून आतल्या बाजूने बांगडीएवढा भाग चकचकीत घासा, ग्रीस लावा, घट्ट करा. फक्त फोन चार्जिंगला लावल्यावरच आवाज येत असेल तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे फोन आणि अँप दोन वाटांनी अर्थला जोडले गेलेत, छोटा आयसोलेटर मिळतो तो फोन आणि अँपच्या मधे लावा. आणि पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने, सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या, बऱ्याच जणांनी दोन्ही एकाच टेपमध्ये गुंडाळलेल्या असतात.

प्रश्न : १९६२ ची बीटल आहे, ६ व्होल्टची. १२ व्होल्ट करावीच लागेल का?

नाही. ६ चे १२ करणारा स्टेप-अप कन्व्हर्टर लावा, तुमच्या गाडीला अर्थ निगेटिव्हच आहे त्यामुळे वरची भानगड नाही. फक्त १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतले तर ६ व्होल्टच्या बाजूने १० पेक्षा थोडे जास्तच ओढले जातात, आणि डायनॅमो ३० अँपिअरच्या आसपासचा. दोन स्पीकरचा लहान अँप ठीक, वूफर नको. वायर जाड घ्या.

प्रश्न : गाडी महिनाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, स्टिरिओ लावल्यापासून.

स्टिरिओची पिवळी वायर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला सतत थोडा करंट घेते आणि लाल वायर चावीवर चालू होते. रोजच्या गाडीत ते जाणवत नाही, महिनाभर उभ्या गाडीत जाणवतं. पिवळी आणि लाल दोन्ही चावीवर घ्या. प्रत्येक वेळी स्टेशन पुन्हा लावावं लागेल तेवढंच. चावी बंद करून बॅटरीच्या वायरमध्ये मल्टिमीटर लावा, तरीही करंट दिसत असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल तिथे चोर आहे. ब्लूटूथचा अँपही तपासा, स्वस्तातले काही अँप चावी बंद झाली तरी फोन शोधत बसतात.