नंबर आहे, पण कुठल्या नोंदवहीतला?

प्रिय बाळ,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला, फोटोही मोठा करून पाहिला. फिजिओथेरपिस्टचं लेटरहेड, नावाआधी 'डॉ.', त्याखाली ट्रामाडॉल या कडक वेदनाशामकाच्या दहा गोळ्या, सही, शिक्का. नोंदणी क्रमांकसुद्धा आहे. औषधाच्या दुकानाचे मालक म्हणाले देऊन टाक, पेशंट कमरेवर हात ठेवून काउंटरपाशी ताटकळत उभा, आणि तू मला विचारतेस, "सर, नंबर दिलाय त्यांनी. मग नाही म्हणणारी मी कोण?"

तू कोण ते आधी सांगतो, कारण हा प्रश्न वाचून माझी झोप उडाली. तू नोंदणीकृत फार्मासिस्ट आहेस. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 म्हणतं की डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. ते मालकाचं काम नाही, काउंटरवरच्या मुलाचंही नाही. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं प्रमाणपत्र तुझ्या नावाचं आहे. त्यामुळे समोर आलेला कागद प्रिस्क्रिप्शन आहे की नाही, हे ठरवणंही तुझ्याच कामात येतं.

आता त्या नंबराकडे बघ. तो फिजिओथेरपी परिषदेचा आहे. त्या माणसाचं शिक्षण खरं, परिषद खरी, नोंदणीही खरी. पण ती नोंदवही औषध लिहिण्याची नव्हे. ट्रेनिंगला माझ्याकडे होतीस तेव्हा रोज कानीकपाळी ओरडत होतो, पुन्हा ओरडतो: नंबर आहे का एवढं विचारून थांबू नकोस, तो कुठल्या नोंदवहीतला आहे ते विचार. डिग्री नंतर, ओळख त्याहून नंतर. आधी नोंदवही.

1945 च्या औषध नियमांतला नियम 2 चा 'ईई' हा तुकडा परीक्षेपुरता पाठ केलास, आता तो कामासाठी वाच. प्रिस्क्रिप्शन लिहू शकणारा 'नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक' कोण, ते तिथे सांगितलंय. आधुनिक वैद्यकाची, म्हणजे अॅलोपथीची, मान्यताप्राप्त पदवी असलेला किंवा राज्याच्या त्या नोंदवहीत असलेला डॉक्टर. दंतवैद्यकांच्या नोंदवहीतला डेंटिस्ट. मान्य पात्रतेचा पशुवैद्य. त्याच्या चिठ्ठीवर जनावराच्या मालकाचं नाव-पत्ता लागतो. फिजिओथेरपिस्ट त्या यादीत नाही. समुपदेशन करणारा मानसशास्त्रज्ञ नाही, चष्म्याचा नंबर काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट नाही. ही माणसं कमी दर्जाची आहेत असं मी म्हणत नाही. माझी मान आखडली की मी फिजिओकडेच जातो. पण गोळ्या लिहिण्याचा अधिकार त्यांच्या नोंदणीला चिकटलेला नाही.

खरी गुंतागुंत पुढेच आहे, आणि तू त्याबद्दल विचारलंच नाहीस याचं मला वाईट वाटतं. कारण तुझ्या काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्यांत बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरांच्या भरपूर असणार.

त्याच नियमात एक तिसरं पोटकलम आहे. राज्याच्या वैद्यकीय नोंदवहीतल्या इतर व्यावसायिकांनाही राज्य सरकार आदेश काढून औषध कायद्यापुरतं आधुनिक वैद्यकाचे व्यावसायिक म्हणून जाहीर करू शकतं. म्हणून हा विषय राज्यागणिक बदलतो. महाराष्ट्राने 25 नोव्हेंबर 1992 ला असा आदेश काढला, तो 1961 च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याखाली नोंदलेल्या आयुर्वेदिक डॉक्टरांच्या ठरावीक वर्गांसाठी. पुढे 1998 मध्ये मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश वैध ठरवले, पण सोबत एक खुंटी ठोकली: औषध लिहिण्याचा हक्क हा त्या पद्धतीने व्यवसाय करण्याच्या हक्कासोबत येतो, आणि तो हक्क त्या त्या राज्याचा नोंदणी कायदा देतो. म्हणजे इथे नोंदलेल्या बीएएमएस डॉक्टरची अॅलोपथीची चिठ्ठी तू घेतेस ती या आधारावर. दुसऱ्या राज्यात नोंदलेल्या बीएएमएसची तशीच चिठ्ठी आली तर तोच आधार आपोआप लागू होत नाही. डिग्रीची अक्षरं तीच, फरक नोंदवहीचा. सीमेलगतच्या तालुक्यात दुकान आहे तुमचं, तुला हे माहीत नसून चालणारच नाही!

होमिओपॅथीचं याहून अवघड. त्या तिसऱ्या पोटकलमातून होमिओपॅथीची नोंदवही स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. दुसरीकडे महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा दुरुस्त केला आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित दार उघडलं. डॉक्टरांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. 2024 च्या अखेरीस राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, औषध विक्रेत्यांना अशा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध द्यायला हरकत नसल्याचं कळवलं, आणि 2025 मध्ये वैद्यक परिषदेत त्यांची वेगळी नोंदवही करण्यावरून राज्यभरातले डॉक्टर संपावर गेले. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाने फार्माकॉलॉजी अंगात मुरते असं मला वाटत नाही. पण माझ्या वाटण्यावर दुकान चालत नाही, तुझ्याही चालू नये. सीसीएमपी न केलेल्या होमिओपॅथची अॅलोपथीची चिठ्ठी घ्यायची नाही, यात चर्चा नको. केलेला असेल तर प्रमाणपत्र आणि नोंदणी दोन्ही बघ, एफडीएच्या ताज्या पत्राची प्रत फाइलला लाव, आणि न्यायालयात काय होतंय त्यावर लक्ष ठेव.

हे कागदी खेळ आहेत असं तुझे मालक म्हणतात ना? त्यांना 1996 चा पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हा निकाल वाचून दाखव. मुंबईतली घटना, 1992 ची. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने आधी व्हायरल तापाची आणि मग टायफॉइडची अॅलोपथीची औषधं दिली. रुग्ण दगावला. सर्वोच्च न्यायालयाने ज्या पद्धतीत नोंदणी नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा मानला आणि तीन लाख रुपये भरपाई द्यायला लावली. नोंदणी त्या डॉक्टरकडेही होती, पण दुसऱ्या नोंदवहीत.

नर्सताई आणि आशाताईंचं विचारलंयस. सरकारी कार्यक्रमात उपकेंद्रातून त्या औषधं वाटतात, त्यासाठी नियमांच्या शेड्यूल के मध्ये वेगळी सूट आहे. त्यावरून त्यांनी लिहिलेली चिठ्ठी तुझ्या काउंटरवर चालते असा अर्थ काढू नकोस.

आता ट्रामाडॉलकडे ये. ते शेड्यूल एच वन मध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत आहे, 1 मार्च 2014 पासून. वेगळं रजिस्टर, त्यात लिहून देणाऱ्याचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. समज तू त्या गोळ्या दिल्यास. पहिल्या रकान्यात काय लिहिणार? फिजिओथेरपिस्टचं नाव लिहिलंस तर स्वतःच्या हाताने पुरावा लिहिलास. दुसऱ्या कुणा डॉक्टरचं लिहिलंस तर खोटी नोंद. रकाना कोरा ठेवलास तर निरीक्षक आधी तिथेच बोट ठेवणार. प्रामाणिकपणे भरता येत नाही असा रकाना पुढे आला की औषध द्यायचं नाही. मला इतकं सरळ दिसतं हे.

"नाही दिलं तर समोरचा देतो," हे तुझं वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. खरंच देतो समोरचा. माझ्या शेजारचा एक दवाखाना माझ्या नकारांमुळे तुटला, तिथले पेशंट वर्षानुवर्षं माझ्या दुकानावरून पुढे गेले, आणि मी परत केलेल्या चिठ्ठीवरची गोळी त्यांना चार पावलांवर मिळाली. मी नाही म्हटलं म्हणून कुणाचा जीव वाचला असं छातीठोकपणे सांगता येत नाही, याची खंत आहे. घरच्यांनी हटवादी म्हटलं, व्यवसायातल्यांनी शहाणपण शिकवतो म्हटलं. पण माझ्या रजिस्टरात एकही नाव असं नाही ज्याची नोंदवही मला दाखवता येणार नाही. यासाठी मोजलेली किंमत मला जास्त वाटली नाही, आजही वाटत नाही. तुला ती जास्त वाटू शकेल. तुझ्यावर कर्ज आहे, नोकरी नवी आहे, ते मी विसरलेलो नाही.

म्हणून मालकांशी भांडू नकोस. दुकानाचं लायसन्स तुझ्या नोंदणीवर उभं आहे हे त्यांनाही कळतं, फक्त कुणी शांतपणे सांगितलेलं नसतं. एच वन रजिस्टर त्यांच्यासमोर उघड आणि तो रकाना त्यांनाच भरायला सांग. आणि त्याच औषध नियमांतल्या नियम 65 ची प्रत काउंटरमागे चिकटव. प्रिस्क्रिप्शन लेखी हवं, सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, औषधाचं एकूण प्रमाण आणि मात्रा हवी. औषध दिलं की त्या चिठ्ठीवर आपल्या दुकानाचा शिक्का आणि तारीख मारायची, म्हणजे तीच चिठ्ठी चार दुकानं फिरत नाही. तुझ्या फोटोतल्या कागदावर रुग्णाचं वयसुद्धा नाही!

आणि तो माणूस. त्याची कमर खरंच दुखते आहे. "चालत नाही" एवढं तोडून त्याला पाठवू नकोस. त्याला बसायला सांग, अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचार, कारण मानसोपचाराच्या काही औषधांसोबत ट्रामाडॉल धोक्याचं ठरतं, आणि फिट येणाऱ्यालाही ते बाधतं. मग जवळच्या एमबीबीएस डॉक्टरचा किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीचा रस्ता दाखव. फिजिओथेरपिस्टला स्वतः फोन कर, नम्रपणे सांग की व्यायाम तुम्ही लिहा, गोळ्यांसाठी पेशंटला डॉक्टरकडे पाठवत चला. बहुतेक जण ऐकतात. मालकांशी बोलणं झालं की मला कळव. सोमवारी दुपारी मी घरीच आहे.

तुझा,
सर