गुरुजी, कपाटाची किल्ली कुठाय?

पत्र : मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक. मुलगी २४ वर्षांची, परभणीहून बीएस्सी अ‍ॅग्री झाली. एमपीएससी कृषी सेवेचे दोन प्रयत्न गेले. आता म्हणते, युद्ध झालेल्या देशांत भूसुरुंग काढतात, तिथल्या शेतकऱ्यांना उभं करायच्या कामात जायचंय. आमच्या पोरीनं बॉम्ब काढायचे? तिची मूळ कागदपत्रं मी कपाटात कुलूपबंद ठेवलीत. अकरा दिवस बोलणं बंद आहे. तुम्हीच फोन करून समजवा.

उत्तर : गुरुजी, सुतकसुद्धा दहा दिवसांत फिटतं. तुमचं अकराव्या दिवशीही चालूच, आणि पोरगी तर समोर बसून जेवतेय. खरं सांगू, मला सुरुंगांपेक्षा त्या कपाटाची धास्ती वाटली. २४ वर्षांच्या मुलीची सनद, टीसी बापानं कुलपात घालायची आणि वर तिनं साहेब व्हावं म्हणायचं! वर्गातल्या पोराचं दप्तर तरी असं अडकवून ठेवाल का? दोन प्रयत्न हुकल्याचं दुःख तुमच्यापेक्षा तिला जास्त असणार. पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही.

आता तो बॉम्ब. भूसुरुंग म्हटलं की आपल्याला गडचिरोलीची बातमी आठवते, त्यात तुमची चूक नाही. पण डिटेक्टर घेऊन गुडघ्यावर बसणारे बहुतेक त्या-त्या भागातलेच, प्रशिक्षण दिलेले लोक असतात. श्रीलंकेच्या उत्तरेत २००९ला युद्ध संपल्यावर या कामात बायाही पुष्कळ आल्या, त्यात कित्येकींचा नवरा युद्धात मारला गेलेला. (भारत सरकारच्या पैशावर आपल्या निवृत्त फौजींची पथकंही तिथे होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) जमिनीला हात लावण्याआधी गावात बसून विचारावं लागतं : गुरं कुठल्या वाटेनं नेत नाही? बैल कुठल्या रानात दगावला? संशयातली बरीच जमीन अशा चौकशीतच मोकळी होते. आणि सुरुंग निघाल्यावर? वर्षानुवर्षं पड राहिलेलं रान, बांध फुटलेले, विहीर बुजलेली, बाभळी माजलेल्या, मालकीचा कागद गहाळ. तिथे बियाणं, पाणी, पहिल्या हंगामाचं भांडवल यांचा मेळ घालणारं माणूस लागतं. हे कृषी पदवीधराचंच काम आहे. किल्लारी तुमच्याच तालुक्यात. १९९३च्या भूकंपानंतर घर बांधून मिळालं म्हणजे औतही लगेच चालू झालं, असं झालं होतं का?

मुलीलाही चार शब्द, आणि ते गोड नाहीत. या कामाचा पैसा बहुतांश परदेशी सरकारांचा. सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा असायचा. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत रोखली आणि सुरुंग काढणारी पथकं ठिकठिकाणी घरी बसली. नोकरी करारावरची. गावपातळीवर तिथलीच माणसं घेतात, बाहेरून बोलावतात ते अनुभवी. कोऱ्या पदवीला कुणी विमानाचं तिकीट धाडत नाही. तेव्हा बाई, तिकडचे अर्ज सध्या थांबव. आपला पोकरा, म्हणजे बदलत्या हवामानात शेती टिकवायचा राज्य सरकारचा प्रकल्प, जागतिक बँकेच्या कर्जावर चालतो. गावाचा आराखडा, लाभार्थ्यांची यादी, खर्चाचा मेळ, तपासणीला येणारे पाहुणे, सगळं तिथेही असतंच. अशा प्रकल्पात किंवा पाणलोटाच्या एखाद्या संस्थेत दोन-तीन वर्षं काढ. पैसा देणाऱ्याला पटेल असा अहवाल इंग्रजीत लिहायला शीक, हे आपल्याकडच्या मुलांचं हमखास अडतं. तुळजापूरच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) मास्टर्स करायचं तर सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा आहे. एमपीएससीचा तिसरा प्रयत्न द्यायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

गुरुजी, मी फोन करणार नाही. नोकरी असो की प्रवेश, पडताळणीला मूळ कागद लागतात, झेरॉक्स चालत नाही. किल्ली आज संध्याकाळी तिच्या हातात द्या. आणि देताना निदान ‘जेवलीस का’ एवढं तरी विचारा.