मॉनिटरवर ६२ आणि मानेला नाडी नाही: तुमचे मशीन बिघडलेले नव्हते

डॉक्टर, तुमची पोस्ट मी काल रात्री दोनदा वाचली, कारण सहा वर्षांपूर्वीची रुग्णवाहिकेतली माझी एक खेप तिच्यात जवळपास जशीच्या तशी होती. चोपन्न वर्षांचा रुग्ण, मॉनिटरवर ६२ आणि ओळीने येणारे स्वच्छ कॉम्प्लेक्स (ईसीजीवर प्रत्येक ठोक्याला उमटणारी आकृती), बीपीच्या पट्ट्याने दोनदा दाखवलेली एरर, बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या प्रोबवर लहर येत नाही म्हणून तुम्ही बदललेला प्रोब, आणि कॅज्युअल्टीत पोहोचताच तिथल्या डॉक्टरांनी "नाडी नाही" म्हणून सुरू केलेला सीपीआर (छातीवर दाब आणि श्वास). मशीन खराब होते का, असे तुम्ही विचारले आहे. मी तुमचा रुग्ण पाहिलेला नाही, त्यामुळे हा अंदाजच समजा. पण माझ्या मते ईसीजी, पट्टा आणि प्रोब हे तिघेही बरोबर होते आणि मिळून एकच गोष्ट सांगत होते. हृदयात वीज वाहत होती, धमन्यांत रक्त वाहत नव्हते. जुन्या पुस्तकांत यालाच इलेक्ट्रोमेकॅनिकल डिसोसिएशन म्हणत, आज आपण पीईए (पल्सलेस इलेक्ट्रिकल अ‍ॅक्टिव्हिटी) म्हणतो.

छातीवर दाब कसा द्यायचा, श्वास देणारी अंबू बॅग कशी धरायची, हे तुम्हाला येते असे धरून मी ते सोडून देते. मला बोलायचे आहे ते दाब सुरू होण्याआधी वाया जाणाऱ्या मिनिटांबद्दल, कारण माझा रुग्ण त्याच मिनिटांत गेला.

पावसाळ्याचे दिवस होते, पूल पाण्याखाली गेल्यामुळे सत्तेचाळीस वर्षांच्या एका बाईंची सलग दोन डायलिसिस चुकली होती. घरातून उचलले तेव्हा त्या बोलत होत्या, धाप होती. वाटेत बोलणे थांबले. मी मॉनिटरकडे पाहिले, तर ४८ चा आकडा आणि रुंद, पण एकामागोमाग येणारे कॉम्प्लेक्स. डोळे अर्धवट उघडे होते आणि मधूनच एखादा श्वास ओढल्यासारखा येत होता. त्यांचा मुलगा फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांची केलेली जोडणी) असलेला हात धरून बसला होता. फिस्टुलावर बोट ठेवले की रक्ताच्या वेगाने एक बारीक थरथर लागते, आणि डायलिसिसवरच्या माणसाच्या घरी ती रोज तपासायची सवय असते. तो मला म्हणाला, "मॅडम, हाताची थरथर लागत नाही." मी त्याला सांगितले, "ठोके चालू आहेत, घाबरू नका." मग पट्टा पुन्हा फुगवला, ऑक्सिजन वाढवला आणि पायलटला, म्हणजे चालकाला, गाडी जोरात घ्यायला सांगितले. रुग्णालयाच्या दारात सिस्टरने स्ट्रेचरला हात लावण्याआधी दोन बोटे रुग्णाच्या मानेवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. नंतर हिशेब केला तेव्हा किमान सहा मिनिटे छातीवर एकही दाब पडलेला नव्हता, हे लक्षात आले. पोटॅशियम वाढले की हृदयाला सांभाळणाऱ्या कॅल्शियम ग्लुकोनेटचे अँप्युल माझ्या पाठीमागच्या ड्रॉवरमध्ये होते. रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम ८.४, म्हणजे जीवघेणे जास्त, निघाले. बाई वाचल्या नाहीत.

त्या मुलाचे बोट माझ्या मॉनिटरपेक्षा जास्त खरे सांगत होते, हे मला आजही लागते.

यानंतर जे घडले त्याचा मला अधिक राग आहे. आमच्या फॉर्मवर नाडी आणि हार्ट रेट यांसाठी एकच रकाना होता, आणि मी सवयीने त्यात ४८ लिहिले होते. मृत्यूची चौकशी झाली तेव्हा ज्या कार्यालयाकडे ती होती, त्यांनी तो आकडा वाचून "दाखल होईपर्यंत नाडी होती" असा शेरा मारला. मी स्वतः जाऊन सांगितले की नाडी मी हाताने तपासलीच नव्हती, ती माझी चूक आहे, तशी नोंद करा आणि निदान यापुढे दोन वेगळे रकाने करा. फॉर्म वरून छापून येतो, असे उत्तर मिळाले. माझी दोन लेखी पत्रे अनुत्तरित राहिली. ज्या फॉर्ममध्ये ईसीजीचा आकडा नाडी म्हणून खपतो, तो प्रत्येक नव्या डॉक्टरला हीच चूक शिकवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचाही फॉर्म तसाच असेल तर समासात "कॅरोटिड (मानेतली नाडी) हाताने तपासली, वेळ अमुक" असे लिहीत जा. मी तेव्हापासून तेच करते.

रुग्ण बोलायचा थांबला की मी आता आधी मानेला हात लावते आणि मग पडद्याकडे बघते. त्यासाठी दहा सेकंदांची मर्यादा आहे, आणि तेवढ्यात नाडी नक्की लागली असे म्हणता येत नसेल तर ती नाही असे धरून दाब सुरू करायचे. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातली नाडी लागते, धावत्या गाडीत तर हमखास, म्हणून शक्य असेल तर गाडी बाजूला थांबवून तपासावे. कधी कधी हृदय थोडेफार आकुंचन पावत असते, पण नाडी लागण्याइतके नाही. आपल्याकडे गाडीत सोनोग्राफी नसते, त्यामुळे त्या शंकेत थांबू नये. कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) असेल तर तो जरूर लावा, कारण कार्बन डायऑक्साइडचा आकडा अचानक वर चढला तर रक्ताभिसरण परतले असण्याची शक्यता असते.

पीईएत शॉकचा उपयोग नाही. नातेवाईक शॉक द्या म्हणून ओरडतात, आणि एईडी (ठोके तपासून शॉक द्यायचा की नाही ते बोलून सांगणारे यंत्र) "शॉकची गरज नाही" असे बोलले की सोबतचा सहायक रुग्ण सावरला असे समजून हात थांबवतो. मी दोन्ही पाहिले आहे. त्या वाक्याचा अर्थ दाब चालू ठेवा, एवढाच आहे. शिरेत किंवा हाडात सुई लागताच १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन, मग दर ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅट्रोपिन हे ठोक्यांचा वेग वाढवणारे औषध २०१० च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत पीईएसाठी वगळले गेले, तरी काही वरिष्ठ अजून मागतात. कीटकनाशकाच्या विषबाधेत त्याची जागा आहे, पण ती विषासाठी.

दाब आणि अ‍ॅड्रेनॅलिन वेळ मिळवून देतात, मात्र पीईए सुटतो तो कारण सापडले तरच. कारणांची पाठ केलेली सगळी यादी गाडीत म्हणत बसू नका. माझ्या मते गाडीत हाताशी असलेल्या गोष्टी थोड्याच आहेत. श्वास अपुरा असेल, जसे मण्यार किंवा नागाच्या दंशात होते, तर बॅगने नीट श्वास देणे हाच उपचार असतो. रक्त गेले असेल तर ते थांबवणे आणि सलाइन. अपघातात एका बाजूला हवा जात नसेल आणि बॅग दाबायला जड लागत असेल तर ताणलेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर कोंडून दाब देणारी हवा) धरून ती काढायला छातीत सुई. एटीएलएस या अपघात-उपचारांच्या प्रशिक्षणक्रमाच्या २०१८ च्या आवृत्तीने प्रौढांसाठी ती जागा बरगड्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीत, काखेच्या मधल्या रेषेच्या किंचित पुढे सांगितली आहे. आणि हातावर फिस्टुला, चुकलेले डायलिसिस व रुंद कॉम्प्लेक्स असे एकत्र दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट ३० मिलिलिटर. अरुंद कॉम्प्लेक्स दिसले तर मी आधी रक्तस्राव, ताणलेला न्यूमोथोरॅक्स किंवा फुप्फुसातली गुठळी अशी कारणे शोधते, रुंद दिसले तर पोटॅशियम किंवा विष. हा नियम नाही, निव्वळ कल आहे, आणि तुमच्या सेवेचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळा, शंका असेल तर वैद्यकीय सल्लागारांना फोन करा.

तुमच्या त्या रुग्णाची स्ट्रिप अजून असेल तर आधी तिची झेरॉक्स काढून ठेवा, थर्मल कागद काही महिन्यांत पुसट होतो. नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून ती इथे टाकलीत तर कॉम्प्लेक्सची रुंदी बघून काही सांगता येईल. कॅज्युअल्टीतून पोटॅशियम आणि हिमोग्लोबिनचे आकडे मिळाले तर तेही सोबत लिहा.