‘विदर्भ’ टाकून 1870 सापडणार नाही

दारव्ह्याच्या ताई, तू लिहिलंस की एम.ए. इतिहासासाठी 1861 ते 1903 या काळातला इथला कापूस व्यापार घेतला आहे, पण ‘विदर्भ कापूस’ टाकलं की शेतकरी आत्महत्यांचेच लेख येतात, म्हणून विषय बदलावा का. मुळीच बदलू नको. विषय चांगला आहे, फक्त शब्द आजचे पडताहेत.

डेटाबेसला तुझा प्रश्न कळत नाही, त्याला अक्षरं कळतात. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. मधल्या काळातल्या सरकारी कागदांत तो ‘बेरार’ किंवा ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ आहे. त्यातही 1870 च्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे सरकारी माहितीग्रंथात, हैदराबादचं इंग्रजी स्पेलिंग ‘एच-ए-आय’ने सुरू होतं. यवतमाळ ‘वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल’, अमरावती ‘ए-एम-आर-ए-ओ-टी-आय’. आणि 1905 पर्यंत यवतमाळ जिल्ह्याचं नावच ‘वून’ होतं, म्हणजे आपली वणी! वहीचं एक पान फक्त या नावांना दे.

मग सगळी स्पेलिंगं कंसात, मध्ये कॅपिटल अक्षरांत ‘ओआर’ टाकून लिही आणि बाहेर ‘कॉटन’ जोड. दोन-तीन शब्दांचं नाव असेल तर अवतरणचिन्हांत घाल, नाहीतर शब्द सुटे होऊन भलतंच येतं.

सुरुवात शोधगंगेवर कर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, ते फुकट आहे. तिथे प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. जवळचा एखादा प्रबंध मिळाला की पहिलं प्रकरण नको, आधी संदर्भसूचीची फाईल उघड. माझ्या अनुभवात दिवसभराच्या शोधापेक्षा त्या दहा-पंधरा पानांतून जास्त हाती लागतं, कारण कोणीतरी आधीच पुराभिलेखागारात बसून धूळ खाल्लेली असते. त्यातलं एकेक नाव घेऊन मग गूगल स्कॉलरवर जा. लेखाखाली ‘सायटेड बाय’ दिसेल, त्यावर टिचकी मारली की त्या लेखाचा आधार घेऊन पुढे कोणी काय लिहिलं ते दिसतं. जुनी गॅझेटिअर इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेली आहेत.

इंग्रजी जर्नल्ससाठी कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचं, सदस्य आहे का ते ग्रंथपालांना विचार. असेल तर तुझ्या नावाचं लॉगिन मिळतं आणि घरून मोबाईलवरही चालतं. अनेक पोरांना हे शेवटच्या सेमिस्टरला कळतं, याचं मला फार वाईट वाटतं. उद्याच विचार.