निरीक्षक आपले व्यावसायिक ज्ञान अद्ययावत कसे ठेवतात?

वजने-मापे तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र यंत्रणेत निरीक्षक म्हणून सव्वीस वर्षे काढल्यामुळे या प्रश्नाचे सरकारी उत्तर मला पाठ आहे : रांचीच्या भारतीय वैधमापन संस्थेत मूलभूत प्रशिक्षण होते आणि पुढे राजपत्रातील दुरुस्त्या व परिपत्रके येत राहतात. तेवढ्यावर नोकरी निभावते. ज्ञान जिथल्या तिथे राहते.

२०१६ साली मी एका पेट्रोलपंपाची वार्षिक पडताळणी केली. पाच लिटरचे माप रीतसर ओले करून निथळवले, भरले, तर पेट्रोल मानेच्या काचेवर बरोबर शून्याच्या रेषेला टेकले. चुकीला मिळणारी २५ मिलिलिटरची सूटही लागली नाही, म्हणून मी निर्धास्तपणे शिशाचे सील दाबून प्रमाणपत्र दिले. पेट्रोल कमी मिळते या तक्रारी मात्र थांबेनात. शेवटी दुसऱ्या तालुक्यातील अशी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका परवानाधारक दुरुस्तकाच्या गाळ्यात जाऊन स्टुलावर बसलो. त्याने भंगारातल्या यंत्राचा पल्सर, म्हणजे मीटर फिरताना विजेचे स्पंद पाठवणारा भाग, माझ्या हातात ठेवला आणि समजावले की ते स्पंद मोजूनच पडद्यावर लिटर उमटतात. मध्ये चिप घालून खोटे स्पंद मिसळले की आकडा पेट्रोलच्या पुढे पळतो, आणि निरीक्षकाची गाडी दिसताच रिमोटने ती चिप बंद करता येते. माझे शिसे मीटरवर होते. पल्सरची वायर मोकळीच होती. पंपावर परत गेलो तेव्हा नवाकोरा पल्सर बसलेला होता, आणि जुना कुठे गेला हे कोणी सांगेना. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लखनौच्या पंपांवर अशाच चिपा पकडल्या गेल्या.

यावर आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की मेकॅनिकच्या गाळ्यात बसणे निरीक्षकाला शोभत नाही, शंका असेल तर कायदा वाचावा. २००९चा वैधमापन कायदा मी वाचला होता. पल्सर कसा उघडतात हे त्यात नाही. आम्ही तपासणीला वापरतो त्या कार्यकारी वजनांचीही दर वर्षी पडताळणी होते, साहेबांच्या ज्ञानाची शेवटची पडताळणी त्याआधीच्या १९७६च्या कायद्याखाली झाली होती. म्हणून नव्या निरीक्षकाने वर्षातून चार दिवस तरी दुरुस्तकाजवळ बसावे, हे माझे मत आजही कायम आहे.

मात्र दुरुस्तकाचा परवाना आपल्याच यंत्रणेच्या हाती असतो, त्यामुळे आपल्या कार्यक्षेत्रातल्या दुरुस्तकाकडे जाऊ नये, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने घ्यावा आणि भेटीची नोंद दैनंदिनीत करावी. साहेबांचा आक्षेप एवढ्यापुरता रास्त होता, पण त्यांनी तो या शब्दांत कधी मांडला नाही.