लंडनहून एका दिवसात, स्वतःच्या गाडीशिवाय, इंग्लंडमधलं जुनं शांत खेडं बघायचं असेल तर कुठे जावं?

विल्टशायरमधल्या लेकॉकला जा. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून रेल्वेने चिपनम सव्वा तासाच्या आसपास, तिथून बसने पाच-सहा किलोमीटर. रविवारी मात्र बसच्या भरवशावर राहू नका, आणि परतीची शेवटची बस आधीच बघून ठेवा. बेत फसतो तो इथेच.

गाव म्हणजे चौकोनात बसलेले चार रस्ते. 1944 पासून ते नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, म्हणून डोक्यावर वायरींचं जाळं नाही. गल्ल्यांतून फिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट ॲबीचं, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती मठाचं. ते काढाच. 1232 साली स्थापन झालेल्या या मठाच्या दक्षिण बाजूच्या दालनात एक जाळीची खिडकी आहे. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या हेन्री फॉक्स टॅलबटने ऑगस्ट 1835 मध्ये तिचंच छायाचित्र घेतलं. आज उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी निगेटिव्ह. आकार जेमतेम टपाल तिकिटाएवढा, तरी भिंगातून सुमारे दोनशे काचा मोजता येत होत्या, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. खिडकीपाशी जरा थांबा, घाई करू नका.

चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार चुकवू नका. आत शिरलात की मान वर करून वाकड्या लाकडी तुळया बघा. मठाला द्यायचा जमिनीचा खंड इथे धान्याच्या, लोकरीच्या रूपात जमा व्हायचा.

सकाळी लवकर पोचा, दुपारी सहलीच्या बसगाड्या येतात. घरांत माणसं राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नका. पावसानंतर ओढ्याकाठी चिखल होतो, बूट तसे घाला.