फळा पुसल्यावर आत येणारा मुलगा

"घरी असा नाही हो तो. पण शाळेतून रोज तक्रार येते." जून संपत आला की हे वाक्य ऐकू यायला लागतं, ते दिवाळीपर्यंत थांबत नाही. त्याच घरातून, बहुधा वडिलांकडून, दुसरं वाक्य येतं: "हल्ली शाळेत मारायचं नाही म्हणे. मग वळण लागणार कसं?" पुढची हकीकत माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या अशा चार-पाच घरांची मिळून एक केलेली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शिक्षक आणि पालक या दोघांच्याही उपयोगाचं त्यात बरंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगा तिसरीतला, आठ वर्षांचा. वर्गाचा पट एक्केचाळीस, बाई एकच. आईने शाळेची डायरी पुढ्यात ठेवली. दीड महिन्यात एकोणीस शेरे होते: "वर्गात त्रास देतो." "शिस्त नाही." "लक्ष नसते." "पालकांनी भेटावे." एकोणिसातल्या एकाही शेऱ्यावरून मुलाने नेमकं काय केलं हे कळत नव्हतं. त्याने पट्टी फेकली, ओरडला, की कोणाला चिमटा काढला? "त्रास" हा शब्द बाईंना काय वाटलं ते सांगतो. मुलाने काय केलं ते त्यात येत नाही, आणि जे दिसत नाही ते बदलताही येत नाही.

वडिलांचं दुचाकीचं गॅरेज. पहिल्या भेटीत ते हाताची घडी घालून बसले होते. म्हणाले, "मी बाईंना सांगितलंय, दोन ठेवून द्या, माझी तक्रार नाही. आम्ही छड्या खाल्ल्या, बिघडलो का?"

"शेवटची छडी कशासाठी खाल्लीत?"

"सतराचा पाढा."

"आता येतो?"

ते हसले. "मोबाइल आहे ना."

मग मी त्यांना त्यांच्या धंद्यातलं विचारलं. गाडी आवाज करते म्हणून कोणी आणली, तर तुम्ही पहिला प्रश्न कुठला विचारता? क्षणभरही न थांबता उत्तर आलं: "कधी करते? गार असताना की तापल्यावर? चढाला की ब्रेक मारल्यावर?" मला हवी असलेली सगळी पद्धत त्या तीन प्रश्नांत होती. मी त्यात माझं एकच वाक्य जोडलं, "पोराबद्दल हे कोणीच विचारलेलं नाही."

(छडीचा मुद्दा कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी घालतं. अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, वर्गासमोर टर उडवणं, हे सगळं त्यात आलं. पालकांनी "आमची हरकत नाही" म्हटल्याने ही बंदी उठत नाही. पण कायदा काय करू नये एवढंच सांगतो. काय करावं हा प्रश्न बाईंपुढे तसाच राहतो, आणि तो रास्त आहे.)

बाईंना भेटले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मी एक्केचाळीस मुलांना शिकवू, की एकाच्या नोंदी करत बसू?" प्रश्न बरोबर होता. म्हणून नोंद इतकी लहान केली की शिकवण्यात खंड पडू नये. वहीच्या एका पानावर चार रकाने: किती वाजता, त्याआधी वर्गात काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. एका घटनेला एक ओळ आणि प्रत्येक रकान्यात दोन-तीन शब्द. धावपळीत असाल तर फळ्याच्या कोपऱ्यात फक्त वेळ लिहून ठेवायची आणि तास संपल्यावर पान भरायचं. हे शाळेचे दहा दिवस करायचं आणि तेवढ्या दिवसांत बाकी काहीही बदलायचं नाही. ओरडत असाल तर ओरडा, बाहेर काढत असाल तर काढा. दुसऱ्याच दिवशी उपाय सुरू करण्याचा मोह होतो आणि मग आधी काय होत होतं हे कधीच कळत नाही.

दहा दिवसांत चौदा ओळी झाल्या. त्यातल्या अकरा मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाच्या. अकराही वेळा दुसऱ्या रकान्यात "फळ्यावरचे उतरवून घेणे" आणि चौथ्या रकान्यात "बाहेर उभे केले".

बाई पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे परिपाठाला, गणिताला तो असा नसतोच की."

मुलाशी बोलायला मी घाई केली नव्हती. "असं का करतोस" हे आठ वर्षांच्या मुलाला विचारण्यात अर्थ नसतो. त्याला ते खरोखर माहीत नसतं आणि मग तो मोठ्यांना पटेल असं काहीतरी सांगून मोकळा होतो. कागद-पेन्सिल दिली आणि पुस्तकातल्या तीन ओळी उतरवायला सांगितल्या. पहिल्या ओळीत पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसऱ्या ओळीत पाणी हवं झालं. तिसरीच्या आधी टेबलाखाली काहीतरी पडलं.

"बाईंनी बाहेर काढलं की मग आत कधी येतोस?"

"फळा पुसला की."

"आणि राहिलेलं लिखाण?"

"फळा पुसलेला असतो ना," तो म्हणाला, माझ्यासारख्या मठ्ठ माणसाला समजावून सांगावं तसा.

दीड महिना सगळे ज्याला शिक्षा म्हणत होते, ती बाईंच्या हिशेबात शिक्षा होती. त्याच्या हिशेबात ती सुटका होती. पट्टी वाजवायची, पुढच्याच्या शर्टावर रेघ ओढायची, आणि दहा ओळींचं ओझं उतरायचं. वर मोकळी हवा आणि येणारी-जाणारी माणसं. हा सौदा त्याने ठरवून केला नव्हता. पण अकरा वेळा तो त्याच्या फायद्यात उतरला होता. माझा कल कोणाला जुन्या वळणाचा वाटेल, पण तो लपवत नाही: मुलाच्या मनात खोल उतरण्याआधी मी खोडीच्या आधीचं आणि नंतरचं मिनिट बघते. एकच शिक्षा दहाव्यांदा द्यावी लागत असेल, तर ती त्या खोडीला खतपाणी घालते आहे का, हे आधी तपासावं. शंभरातल्या नव्वद डायऱ्या वाचताना हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

मग लिखाणच का जड जातं, हे शोधायचं होतं. ते बाईंना वर्गात दहा मिनिटांत करता येतं. तोच मजकूर एकदा फळ्यावरून आणि एकदा शेजारी ठेवलेल्या कागदावरून उतरवायला द्यायचा. कागदावरून सहज जमलं आणि फळ्यावरून नाही, तर आधी डोळे तपासून घ्यायचे. दोन्हीकडे सारखाच अडखळत असेल, तर मूल एका ओळीला किती वेळा मान वर करतं ते मोजायचं. वाचता येणारं मूल तीन-चार शब्द डोक्यात धरून लिहितं. वाचन कच्चं असलेलं मूल अक्षरागणिक वर बघतं, कारण त्याच्या लेखी ती अक्षरं म्हणजे चित्रं असतात. वाचन चांगलं असूनही हात सावकाश चालत असेल, तर अडचण पेन्सिल धरण्यात किंवा बोटांत असते. आपला गडी एका ओळीला सतरा वेळा वर बघत होता. जोडाक्षर आलं की दोनदा जास्त.

उपाय त्यावरून आपोआप निघाले. दहा ओळींच्या चार झाल्या. त्या कागदाच्या पट्टीवर लिहून त्याच्या बाकावर ठेवायच्या. वाक्य बोट ठेवून दोनदा वाचायचं, पट्टी उलटी करायची, आठवेल तेवढं लिहायचं, मग पट्टी पुन्हा सुलटी. जड तासाला दोन "पाण्याच्या चिठ्ठ्या". एक बाईंच्या टेबलावर ठेवायची, घड्याळाची दोन मिनिटं बाहेर जायचं, आणि परत आल्यावर त्याच शब्दापासून लिहायला लागायचं. यात वेळेपेक्षा "त्याच शब्दापासून" हे महत्त्वाचं. बाहेर जाण्याचा रस्ता त्याला खोडी न काढता मिळाला आणि काम मात्र त्याची वाट बघत थांबलं. पहिल्या दिवशी दोन्ही चिठ्ठ्या त्याने आठ मिनिटांत संपवल्या. संपवू दिल्या.

खोडी झालीच तर वर्गाबाहेर पाठवायचं नाही. पुढच्या बाकाच्या कडेला जागा बदलायची, वही आणि कागदाची पट्टी बरोबर न्यायची, तीन मिनिटांनी परत. कोणाची वही फाटली तर डिंक लावून आपणच चिकटवायची, कोणाची पट्टी फेकली तर आपणच आणून द्यायची. राहिलेल्या ओळी शाळा सुटण्याआधीच्या दहा मिनिटांत. मधली सुट्टी मात्र कापायची नाही. चुळबुळ्या मुलाचं धावणं बंद केलं की पुढचा तास बाईंनाच भोगावा लागतो.

बाईंना सगळ्यात अवघड गेलं ते दखल घेणं. तास सुरू झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत, म्हणजे खोडीच्या आधी, त्याच्या बाकाशी जायचं आणि जे दिसतं ते बोलायचं: "तारीख घातलीस, समास आखलास." "शहाणा माझा राजा" नको. राजाला काय केल्याबद्दल कौतुक झालं ते कळत नाही. १९६८ साली मॅडसेन, बेकर आणि थॉमस या अमेरिकी संशोधकांनी प्राथमिक वर्गांत हेच करून पाहिलं होतं. नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नाही. चुकीच्या वागण्याकडे दुर्लक्ष आणि बरोबर वागण्याची दखल ही जोडी जमली, तेव्हा पडला.

नियमांचंच घ्या. या वर्गाच्या भिंतीवर चौदा होते, "शिस्त पाळा"पासून "मोठ्यांचा आदर करा"पर्यंत. आठ वर्षांच्या मुलाला "शिस्त पाळ" म्हणणं म्हणजे स्वयंपाक न येणाऱ्याला "चवीपुरतं घाल" म्हणण्यासारखं. चौदाचे चार केले: बाईंनी टाळी वाजवली की हातातलं खाली आणि नजर फळ्याकडे, बोलायचं तर हात वर, हातपाय आपल्या जागेत, रांगेत हातभर अंतर. चारही डोळ्यांना दिसणारे आहेत, म्हणजे पाळला की नाही यावर वाद होत नाही. आणि ते पाढ्यासारखे शिकवायचे. दोन आठवडे रोज पाच मिनिटं, आधी बाईंनी करून दाखवायचं, मग एकाने मुद्दाम चुकीचं करायचं (यात वर्ग खूश असतो), मग सगळ्यांनी बरोबर. गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन-दोन दिवस उजळणी.

एक प्रथा मात्र मी बंदच करायला लावली. बाई बाहेर गेल्या की मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची आणि पुन्हा बोललं की नावापुढे फुल्या वाढवायच्या, ती. आपल्या मुलाचं नाव रोज पहिलं असे, कधीकधी तो बोलायच्या आधीच. वर्गात त्याची ओळखच ती झाली होती, आणि नाव मोठं करणारी ओळख मूल सहजी सोडत नाही. एकापायी सगळ्या वर्गाला गप्प बसवणंही तसंच. चाळीस मुलं त्याच्यावर रुसतात आणि तो अजूनच एकटा पडतो.

पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला. "मॅडम, तुमचं औषध उलटं पडलं. आज बाकावर चढला." हे होणार हे आधी सांगून ठेवलं होतं, तरी फोन येतोच. दाराची बेल रोज वाजते आणि एके दिवशी वाजली नाही, तर आपण लगेच घरी परत जात नाही. आणखी जोरात, चार वेळा दाबतो. जुनी युक्ती चालेना म्हणून तो तेच करत होता. या तीन-चार दिवसांत कंटाळून एकदा जरी बाहेर काढलं, तर मूल शिकतं ते एवढंच, की पट्टी वाजवून भागत नाही, बाकावर चढावं लागतं. म्हणून असा बदल स्नेहसंमेलनाच्या, तपासणीच्या किंवा सहामाहीच्या आठवड्यात सुरू करू नये. बाई टिकल्या. याचं श्रेय पूर्ण त्यांचं.

घरच्यांसाठी दोनच गोष्टी होत्या. शाळेतल्या चुकीची शिक्षा घरी पुन्हा द्यायची नाही. दुपारच्या खोडीबद्दल रात्री आठला टीव्ही बंद केला, तर मुलाला तो टीव्ही आणि आईचा राग एवढंच जोडता येतं. आणि फाटकापाशी "आज काय केलंस?" हा प्रश्न बंद. आई म्हणाली, "मग विचारू काय?" काहीही नाही. दप्तर घ्यायचं आणि चालायला लागायचं. तिला हे शिक्षेपेक्षा जड गेलं. संध्याकाळी दहा मिनिटं वाचन, चार वाक्यं, वडिलांबरोबर, गॅरेजमध्ये चाललं तरी चालेल. स्पेअर पार्टच्या खोक्यांवरची नावं त्याने त्यात स्वतःहून घेतली.

प्रत्येक डायरीचं कोडं असं सुटत नाही. प्रत्येक तासाला, घरी आणि खेळताना सारखंच वागणं असेल, आणि ते बालवाडीपासून असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. ऐकू येणं तपासून घ्यावं. आणि शांत मूल पंधरा दिवसांत अचानक बदललं, मारकुटं झालं किंवा शाळेचं नाव काढताच रडू लागलं, तर शिस्तीचा विचार बाजूला ठेवून त्याच्याशी कोणी काही केलं आहे का, ते हळूच विचारावं. गरज पडली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

सहा आठवड्यांनी बाईंनी पुन्हा दहा दिवस चार रकाने भरले. त्या तासाच्या अकरा ओळींच्या जागी तीन. एका ओळीला मान वर करणं सतरावरून नऊवर. वाचन अजून वर्गाच्या मागेच आहे, आणि ते वर्षभर पुरणारं काम आहे.

बाईंनी विचारलं, "कागदाची पट्टी कधी बंद करायची?" आपण बंद करायची नाही. एका ओळीला तीन-चारदाच वर बघायला लागला की पट्टीवर चारऐवजी दोन ओळी लिहायच्या, मग एक, आणि उरलेलं फळ्यावरून. पाण्याच्या दोन चिठ्ठ्यांची एक करायची ती त्याआधीच. सध्या त्याची एक चिठ्ठी बहुतेक दिवशी कंपासपेटीत तशीच पडून असते.